‘तुम्ही लोक धर्मांतर करता ना?’ ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लिफ्टमध्ये, ठाणे-वाशी लोकलमध्ये, सोसायटीच्या गणपतीत आणि लग्नाच्या पंगतीत विचारले जातात. काही शेजारी आम्हाला विचारतात, तर काही आमचीच माणसं रविवारच्या उपासनेनंतर चहा पिताना एकमेकांना विचारतात. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. आपल्याबद्दल समोरचा काय विचारतो, हे दोघांनीही वाचावं. उत्तरं देणारा ठाण्यातला एक मराठी ख्रिस्ती आहे. सगळ्या चर्चेसच्या वतीने बोलण्याचा त्याचा दावा नाही.

तुम्ही ख्रिश्चन? अजिबात वाटत नाही हो!

आडनाव गायकवाड, साळवे किंवा कांबळे, भाषा मराठी, कपाळावर टिकली असेल-नसेल, घरात भाकरी आणि ठेचा. मग ‘ख्रिश्चन वाटायला’ नेमकं काय लागतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातला ख्रिश्चन असतो, म्हणजे दारू पिणारा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा आणि गळ्यात मोठा क्रूस घालणारा. तसे आमच्यात थोडे असतीलही, पण ते सगळ्यांतच असतात.

या पट्ट्यात ख्रिस्ती माणूस एका साच्याचा नाही. ठाणे, वसई, साष्टीचे मूळचे कॅथलिक, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, शतकानुशतकं इथलेच आहेत. त्यांचं हे नावसुद्धा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी स्वतःच घेतलं. त्याआधी आणि नंतरही घरात बोली मराठीच. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं आहेत. गोवेकर आहेत, मंगळुरी आहेत. मल्याळी तर इतके आले की सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या परंपरेच्या, कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि गेल्या काही दशकांत वाढलेल्या, एखाद्या गाळ्यात नाहीतर भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्या आहेत. महाराष्ट्रभरचे सगळे ख्रिस्ती मिळूनही २०११ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

मुद्द्याचं बोला. तुम्ही धर्मांतर करता की नाही?

येशूची गोष्ट सांगणं हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा शेवटच त्या आज्ञेने होतो. ‘छे छे, आम्ही नुसती समाजसेवा करतो’ असं उत्तर आमच्यातले काही जण घाबरून देतात. माझ्या मते संशय सर्वांत जास्त वाढतो तो या उत्तरामुळे. शेजारी काही बावळट नसतात. काहीतरी दडवलं जातंय हे त्यांना लगेच कळतं.

पण सांगणं वेगळं आणि बदलायला लावणं वेगळं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयीच्या निवेदनात म्हटलं की त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे २००७ मध्ये ब्राझीलमध्ये म्हणाले होते की चर्च माणसं ओढून वाढत नाही, आकर्षणाने वाढतं. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी या एरवी फारशा एकत्र न बसणाऱ्या तिघांनी मिळून एक मार्गदर्शक पत्रक काढलं. साक्ष देताना, म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगताना, फसवणूक, आमिष, जबरदस्ती चालणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या किती मंडळ्यांत ते वाचलं गेलं, हा वेगळा प्रश्न.

शिवाय धर्म बदलणं मराठी मुलखाला काही नवं नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये नेतोजी पालकरांना परत हिंदू करून घेतलं. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या ख्रिस्ती गावडा समाजाची मोठी शुद्धी केली, म्हणजे त्यांना परत हिंदू करून घेतलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्याआधी येवल्यात १९३५ मध्ये जाहीर सांगून. त्यांना कोणी तांदळाचं आमिष दिलं होतं, असं म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

ठाण्यात पारशी आहेत, ज्यू आहेत. ते कधी कोणाला बोलवत नाहीत. तुम्हालाच का खाज?

शब्द जरा कडक आहे, पण प्रश्न रास्त आहे. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे आणि बेने इस्राएल शेजाऱ्याने तुमच्या हातात कधी पत्रक दिलं नसेल. काही धर्म जन्माने मिळतात, काही निरोपासारखे पुढे जातात. ख्रिस्ती धर्म दुसऱ्या प्रकारचा. इस्लाम आणि बौद्ध धम्मही तसेच. स्टेशनाबाहेर गीता हातात देणारे इस्कॉनचे तरुणही तेच करतात आणि खारघरला त्यांचं मोठं मंदिर जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उघडलं. तेव्हा आपली गोष्ट दुसऱ्याला सांगावीशी वाटणं हा गुन्हा नाही. ‘नको’ म्हटल्यावरही सांगत राहणं मात्र त्रासदायक आहे, मग ते कोणीही करो.

विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, हे खरं का?

ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत प्रत्येक आजीने सांगितली आहे. तिचा रोख नीट पाहा. पावाने कोणी ख्रिस्ती झालं नाही. ते पाणी प्यायलेल्यांना त्यांच्याच भाऊबंदांनी परत घेतलं नाही, म्हणून ते तिकडचे झाले, असं ती गोष्ट सांगते.

पण एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, ठाणेही त्यांच्या ताब्यात आलं. त्या राज्यात देवळं पाडली गेली, हिंदूंच्या उघड विधींवर बंदी आली, अनाथ मुलं चर्चच्या ताब्यात देण्याची फर्मानं निघाली. जे ख्रिस्ती होत त्यांना नोकऱ्या आणि सवलती मिळत. हे नाकारणारा ख्रिस्ती माणूस इतिहासाशी खोटं बोलतो. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, तरी इथले ख्रिस्ती कोळी, शेतकरी, सुतार आपल्या श्रद्धेवर राहिलेच. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च अजूनही त्यांचंच आहे. म्हणजे सुरुवात सत्तेच्या छायेत झाली, पण पुढची पावणेतीनशेहून जास्त वर्षं त्या सत्तेशिवाय गेली. आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला सोळाव्या शतकाचं बिल देताना एवढा हिशेब तरी करावा.

पैसे बाहेरून येतात म्हणे?

काही संस्थांना येतात. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब. बहुतेक लहान मंडळ्यांचं भाडं रविवारच्या दानपिशवीतून आणि सभासदांच्या दशमांशातून, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शातून, निघतं, तेही ओढाताण करून. ज्या मंडळीचे हिशेब सभासदांनाच दाखवले जात नाहीत, तिच्याबद्दल शेजाऱ्यांच्या आधी सभासदांनी प्रश्न विचारावेत.

कायदा काय म्हणतो?

घटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ‘प्रसार’ ठेवायचा की नाही यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत चांगलीच खडाजंगी झाली आणि शेवटी तो राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशा आणि मध्य प्रदेशचे कायदे उचलून धरताना सांगितलं, की आपली तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा जाणूनबुजून अपमान करणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि हे कलम आपल्या श्रद्धेच्या अपमानालाही लागतं.

महाराष्ट्रात सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा असावा हे पाहायला फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. हा विषय सारखा हलतो आहे. पाळकांनी, म्हणजे मंडळ्यांच्या धर्मगुरूंनी, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर न विसंबता वकिलाला गाठावं.

कोणी मुद्दाम डिवचलं तर सडेतोड उत्तर द्यायला नको का?

ठाण्यातच घडलेला एक प्रसंग सांगतो, सातशे वर्षांपूर्वीचा. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाचे चार साधू चीनला जाताना इथे उतरले आणि त्यांच्यातले तिघे काझीसमोर उभे केले गेले. त्यांना आधी येशूबद्दल विचारलं, मग मुहंमद पैगंबरांबद्दल. उत्तर अत्यंत कठोर शब्दांत गेलं आणि शेवटी चौघांनाही मारण्यात आलं. हे सगळं लिहून ठेवलं ओदोरिक नावाच्या दुसऱ्या साधूने, जो नंतर ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. म्हणजे साक्षीदार त्यांच्याच बाजूचा आहे.

मारणाऱ्यांचं समर्थन कुठल्याही भाषेत होऊ शकत नाही. कॅथलिक चर्च त्या चौघांना हुतात्मे मानतं आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या येशूबद्दल बोलताना दुसऱ्याच्या पूज्य व्यक्तीबद्दल बोलण्याची गरज किती वेळा असते? जवळजवळ कधीच नाही. तरी आमच्या किती प्रवचनांत पहिली दहा मिनिटं दगडाचे देव, मूर्ती, सैतानाची पूजा यांत जातात. खिडकी उघडी असते. खालच्या मजल्यावरच्या काकू ऐकतात. त्यांनी आयुष्यभर ज्या गणपतीला दूर्वा वाहिल्या त्याबद्दल कोणी असं बोलतंय म्हटल्यावर त्यांच्या मुलाने वर येऊन दार ठोठावलं, तर त्याला फार दोष देता येत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे की जो विचारेल त्याला उत्तर द्या, नम्रतेने आणि आदराने. यातलं ‘जो विचारेल त्याला’ आपण नेहमी गाळतो.

सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद का घेत नाही? अपमान वाटतो.

सगळेच नाकारतात असं नाही. कित्येक कॅथलिक घरांत मोदक आनंदाने खाल्ले जातात. प्रोटेस्टंट आणि विशेषतः पेंटेकोस्टल मंडळींत देवाला दाखवलेला नैवेद्य न घेण्याची शिकवण पक्की असते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय याच प्रश्नावर आहेत, आणि ते वाचूनही दोन विश्वासणाऱ्यांचं एकमत होत नाही. शेजाऱ्यांना एवढंच म्हणेन, माळकरी माणूस तुमच्या घरी मटण खात नाही तेव्हा तुम्हाला अपमान वाटत नाही. हेही तसंच समजा.

आता आपल्या लोकांसाठी. नकार कसा देता यावर सगळं आहे. ताट समोर आल्यावर तोंड वाकडं करून ‘हे मूर्तीला वाहिलेलं’ म्हणणं हा उद्धटपणा आहे, त्यात श्रद्धा कुठली? आधीच सांगून ठेवावं. ‘वहिनी, प्रसाद घेत नाही, पण मांडवाच्या कामाला आहे मी.’ आणि मग खरोखर असावं. खुर्च्या लावाव्यात, मुलांच्या स्पर्धांना बक्षिसं द्यावीत, रक्तदान शिबिरात रक्त द्यावं. वर्गणीला पूजा आड येत असेल तर कार्यक्रमासाठी म्हणून द्यावी, पण दारावर आलेल्या पोरांना प्रवचन देऊ नये.

मैत्रिणीने प्रेयर मीटिंगला बोलावलंय. जाऊ का?

वाटलं तर जा. पेटी किंवा गिटारवर गाणी होतील. ती बऱ्याचदा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांच्या चालीची असतात, त्यामुळे आपल्याच घरात बसल्यासारखं वाटेल. मग कोणीतरी साक्ष सांगेल, वचन वाचलं जाईल, प्रार्थना, चहा. डोळे मिटा, हात वर करा, पुढे या, असं सांगितलं तरी करायलाच हवं असं नाही. ‘मी नुसती ऐकायला आलेय’ एवढं पुरतं. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेला, गेलात तर एक लक्षात ठेवा. ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागते, तो प्रसाद नव्हे, तेव्हा त्या रांगेत जाऊ नका. ते पाहुण्यांना आधीच सांगणं हे तुमच्या मैत्रिणीचं काम.

बोलावणाऱ्यांनीही खरं सांगून बोलवावं. ‘मुलांचा कार्यक्रम आहे’ म्हणून नेऊन आत सुवार्ता सभा निघाली, तर ती मैत्रीण पुन्हा येणार नाही आणि दहा जणींना सांगेल. बरोबरच करेल.

प्रार्थनेने कॅन्सर बरा होतो असं तुमचे लोक बॅनरवर लावतात.

लावतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना करणं वेगळं आणि बरं करण्याची जाहिरात वेगळी. १९५४ च्या केंद्रीय कायद्यात कॅन्सर, मधुमेह अशा आजारांवर जादूच्या उपायांची जाहिरात करायला बंदी आहे. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणाऱ्यांवर आहे, आणि त्यात बाबा, बुवा, पीर, पाळक असा भेद नाही. कोणी ‘औषध बंद करा, विश्वास ठेवा’ म्हणालं तर त्या पाळकाला तिथेच थांबवा. आणि वॉर्डात प्रार्थना करायची असेल तर रुग्णाला स्वतःला विचारा, तो शुद्धीत असताना. बिछान्यावरच्या माणसाला उठून जाता येत नाही.

ऑफिसात, घरकामाच्या ताईंना, ट्यूशनच्या मुलांना येशूबद्दल सांगावं का?

पगार, मार्क किंवा काम तुमच्या हातात असेल तर नाही. विचारलं तर सांगा, आणि तेवढंच. आमिष म्हणजे फक्त तांदळाची गोणी नव्हे. मालकिणीला खूश ठेवण्यासाठी ‘आमेन’ म्हणणं हाही दबावच. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये टीम लीडरने आपल्याच टीमला बायबल स्टडीचं आमंत्रण फॉरवर्ड करणं यातच येतं.

कॉन्व्हेंटमध्ये मुलांना बाटवतात का?

घटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही. कॉन्व्हेंटमधून शिकून बाहेर पडलेली मराठी घरं आजूबाजूला भरपूर आहेत. मोजून पाहा, त्यातले किती ख्रिस्ती झाले.

कागदावर हिंदू, रविवारी चर्चमध्ये. ही लबाडी नाही का?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. त्यामुळे बाप्तिस्मा झाला की सवलत जाते, जात मात्र जात नाही. गावात विहीर तीच, वस्ती तीच, लग्नाच्या वेळी विचारली जाणारी जातही तीच. चर्चमध्येसुद्धा जात शिल्लक आहे, ही आमची लाज. म्हणून अनेक जण बाप्तिस्म्याशिवाय वर्षानुवर्षं येत राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की ख्रिस्ती आचरण करून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही घटनेची फसवणूक आहे. कायद्याची बाजू म्हणून ते समजतं. पण त्या आदेशातली धर्माची अट न्याय्य आहे का, हा प्रश्न लबाडीच्या आरोपाने मिटत नाही. नुसती प्रार्थनेला येणारी प्रत्येक व्यक्ती ख्रिस्ती झाली असं धरणंही चूक, दर्ग्याला जाणारे सगळे मुसलमान होत नाहीत.

नवऱ्याने येशूवर विश्वास धरलाय. मला आणि सासूबाईंना मान्य नाही. घर मोडणार का?

मोडायलाच हवं असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. मधली वर्षं फार हालाची गेली, आधी ताटातूट आणि मग एकत्र. नवऱ्याने विश्वास धरला असेल तर त्याला पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं तेच पहिलं पत्र दाखवा, सातवा अध्याय. विश्वास न ठेवणारी बायको सोबत राहायला तयार असेल तर तिला सोडू नये, असं त्यात लिहिलं आहे. देव्हारा हलवायचा नाही, मुलांना परस्पर चर्चमध्ये न्यायचं नाही, सासूबाईंच्या पूजेची फुलं आधीसारखीच आणायची. हे त्याने पाळलं तर बराचसा तणाव उतरतो.

उलट प्रकारही आहेच. ख्रिस्ती घरातला मुलगा कॉलेजात गेल्यावर उपासनेला यायचा बंद होतो आणि आई रडत पाळकांकडे जाते. त्यालाही हाच नियम. त्याला रविवारी सकाळी झोपू द्या.

मी देवच मानत नाही. माझ्याशी काय बोलाल?

पावसाबद्दल, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकबद्दल. नास्तिक म्हणजे ‘अजून न पटलेला गिऱ्हाईक’ असं समजून वागणारे आमच्यात आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

प्रार्थना चालू असताना जमाव आला तर?

दार उघडा, वाद घालू नका, बायका-मुलांना आत बसवा, ११२ ला फोन करा. शक्य असेल तर शांतपणे व्हिडिओ घ्या. बायबल लपवू नका, लपवण्यासारखं काही नाही. नंतर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

पण काम त्याआधीचं आहे. फ्लॅटमध्ये दर आठवड्याला तीस माणसं आणि साउंड सिस्टिम असेल तर तक्रार होणारच, मग ती भजनं असोत की बर्थडे पार्टी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सेक्रेटरींना आधी भेटा, वेळ सांगा, पार्किंग अडवू नका. पुष्कळशा ‘धर्मांतराच्या’ तक्रारींची सुरुवात चुकीच्या जागी लावलेल्या स्कूटरपासून होते, हे कळवा-कोपरखैरण्याच्या कुठल्याही पाळकाला विचारा.

नाताळला शेजाऱ्यांकडे केक द्यावा का?

जरूर. अर्ध्या सोसायटीला अंडं चालत नाही, तेव्हा बिनअंड्याचा वेगळा करा आणि डब्यावर तसं लिहा, किंवा अंडं न घालता केलेले कलकल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड तुकडे, द्या. डब्यात पत्रक टाकू नका. दिवाळीला त्यांच्याकडून येणाऱ्या फराळातही चकलीखाली स्तोत्राची पुस्तिका नसते.